जखम भरल्यानंतरचा दम : भाजलेल्या रुग्णांच्या पुनर्वसनात एरोबिक व्यायाम

गंभीररीत्या भाजलेल्या माणसाच्या अंगावरची शेवटची जखम भरून येते, शेवटचे ड्रेसिंग निघते आणि घरी जाण्याची परवानगी मिळते, तेव्हा कुटुंबाच्या लेखी आजार संपलेला असतो; शरीरात मात्र तो त्यानंतरही वर्षभर, पुष्कळदा दोन-तीन वर्षेही चालूच असतो. घरी आल्यावर एक मजला चढताना धाप लागते, आंघोळ करून कपडे घालेपर्यंत गळून जायला होते, थोडे चालले तरी पायांत गोळे येतात, आणि या सगळ्याला ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिक व विश्रांती असा उपाय सांगितला जातो. त्यातली विश्रांती हीच बहुतेक वेळा चूक ठरते. भाजलेल्या रुग्णाचा दम का जातो आणि ठरावीक मात्रेतल्या व्यायामाने तो परत कसा आणता येतो, याविषयी गेल्या सुमारे 25 वर्षांत बरेच भक्कम ज्ञान जमा झाले आहे. रुग्णालयातून निघणाऱ्या रुग्णाच्या कागदावर ते अजून क्वचितच उतरते, म्हणून त्याची सविस्तर मांडणी करणे गरजेचे वाटते.

भाजण्याची व्याप्ती शरीराच्या एकूण पृष्ठभागाच्या टक्केवारीत मोजतात. प्रौढ माणसाचा एक हात म्हणजे 9 टक्के, एक पाय 18 टक्के, छाती-पोटाची पुढची बाजू 18 टक्के आणि पाठ तेवढीच, असा ढोबळ हिशेब असतो. स्वयंपाक करताना पदराने पेट घेतला, तर धडाची पुढची बाजू, दोन्ही हात आणि गळा एवढे भाग सहज होरपळतात आणि आकडा 40 टक्क्यांच्या आसपास जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी 10 लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. पुढील विवेचन मुख्यतः 30-40 टक्के किंवा त्याहून अधिक भाजलेल्या रुग्णांसंबंधी आहे, कारण व्यायामाविषयीचे बहुतेक संशोधन त्यांच्यावर झालेले आहे.

एवढ्या मोठ्या दुखापतीनंतर शरीराच्या चयापचयाची गती बदलते. ॲड्रेनलिन आणि त्याच्या वर्गातली संप्रेरके, तसेच कॉर्टिसोल, रक्तात दीर्घकाळ वाढलेली राहतात. नाडी विश्रांतीतही मिनिटाला 100-120च्या घरात राहते. आणि नुसते पडून राहण्यासाठी लागणारी ऊर्जा नेहमीच्या दीडपट, क्वचित दुपटीपर्यंत जाते. या अवस्थेला अतिचयापचय म्हणतात. ही वाढीव मागणी भागवण्यासाठी आणि जखमा भरून काढण्यासाठी शरीर स्वतःचेच स्नायू मोडते, त्यातली अमिनो आम्ले यकृताकडे आणि जखमेकडे पाठवते, आणि आहारातून भरपूर प्रथिने दिली तरी ही मोडतोड पूर्णपणे थांबत नाही. शिवाय स्नायूंच्या पेशींमधील मायटोकाँड्रिया, म्हणजे अन्नापासून वापरण्याजोगी ऊर्जा बनवणारे सूक्ष्म घटक, त्यांचे कामही बिघडते : ऑक्सिजन खर्च होतो, पण त्यातून ऊर्जा कमी आणि उष्णताच जास्त निर्माण होते, जसे गळक्या पाटातले पाणी शेतापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत झिरपून जावे. टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथील संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांच्या स्नायूंचे नमुने तपासून हा बिघाड दाखवून दिला आहे.

या अंतर्गत झिजेत भर पडते ती अंथरुणाची. निरोगी माणसाला नुसते झोपवून ठेवले तर काय होते, याचे उत्तर 1966 साली डॅलस येथे झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगाने दिले. त्यात 20 वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले असता, कमाल श्रमाच्या वेळी ऑक्सिजन वापरण्याची त्यांची क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. आणि 30 वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा असे आढळले, की त्या तीन आठवड्यांनी केलेली हानी मधल्या 30 वर्षांच्या वयोमानाने झालेल्या हानीपेक्षा मोठी होती. भाजलेला रुग्ण तर तरुण आणि निरोगी असला तरी अनेक आठवडे अंथरुणाला खिळलेला असतो, त्याच्यावर वारंवार शस्त्रक्रिया होतात आणि स्नायू आतून मोडत असतात, तेव्हा त्याच्या घसरणीची कल्पना यावरून करता येईल.

ऑक्सिजन वापरण्याची ही कमाल क्षमता हाच ‘दम’ या रोजच्या शब्दामागचा मोजता येणारा भाग आहे. फुप्फुसांनी हवेतून ऑक्सिजन घ्यायचा, हृदयाने तो रक्तातून पुढे ढकलायचा, केशवाहिन्यांनी स्नायूपर्यंत पोहोचवायचा आणि मायटोकाँड्रियांनी तो वापरायचा, अशी ही साखळी आहे. भाजण्याच्या दुखापतीत धूर छातीत गेला असेल तर तिची पहिली कडी कमजोर होते, दीर्घ अंथरुणाने दुसरी व तिसरी, आणि अतिचयापचयाने चौथी. शांत बसलेल्या माणसाला लागणाऱ्या ऑक्सिजनला एक एकक मानले, तर सपाट रस्त्यावर सावकाश चालण्यास साधारण तीन एकके लागतात. ज्याची कमाल क्षमता दहा एककांची आहे, त्याच्या दृष्टीने हे चालणे म्हणजे क्षमतेच्या 30 टक्के काम. तीच क्षमता पाच एककांवर घसरली की तेच चालणे 60 टक्क्यांचे होते आणि दुकानापर्यंत जाऊन येणे हाच जोरदार व्यायाम होऊन बसतो. घरच्यांना रुग्ण आळस करतो असे वाटते, तेव्हा प्रत्यक्षात तो त्यांच्यापेक्षा दुप्पट ताकद लावून तेच काम करत असतो.

मोठे स्नायुसमूह लयीत, सलग आणि मध्यम जोराने वापरले जातील असा व्यायाम, म्हणजे भरभर चालणे, सायकल, पोहणे, जिना चढणे, हा या संपूर्ण साखळीला एकाच वेळी कामाला लावतो आणि म्हणून त्याला एरोबिक, म्हणजे ऑक्सिजनवर चालणारा, व्यायाम म्हणतात. 1968 साली अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांच्या ‘एरोबिक्स’ या पुस्तकाने हा शब्द घरोघरी पोहोचवला आणि पुढे हृदयविकाराच्या रुग्णांच्या पुनर्वसनात तो रुळलाही. भाजलेल्या रुग्णांच्या बाबतीत मात्र बराच काळ हात आखडता राहिला, आणि त्यामागचे कारण वरवर पाहता रास्तच होते : ज्याचे शरीर आधीच दीडपट वेगाने ऊर्जा जाळत आहे, त्याला व्यायाम करायला लावणे म्हणजे उरलेसुरले स्नायूही गमावणे नव्हे काय, अशी शंका होती. फिजिओथेरपीचा सगळा भर त्यामुळे सांध्यांवर राहिला. भाजलेली त्वचा भरताना आकसते, आणि रुग्णाला ज्या स्थितीत बरे वाटते नेमक्या त्याच स्थितीत ती सांधा जखडून टाकते, म्हणून स्प्लिंट लावणे, हात-पाय ताणून ठेवणे, सांधे रोज पूर्ण फिरवणे हे अत्यावश्यक असते. पण एवढ्याने दम वाढत नाही.

गॅल्व्हस्टन येथील मुलांच्या श्रायनर्स रुग्णालयात डेव्हिड हर्नडन आणि ऑस्कर सुमन यांच्या गटाने ही शंका प्रत्यक्ष तपासून पाहिली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 40 टक्क्यांहून अधिक भाजलेल्या मुलांना, दुखापतीला सहा महिने झाल्यावर, 12 आठवड्यांचा देखरेखीखालचा कार्यक्रम दिला गेला. त्यात वजने वापरून करायचे स्नायुबळाचे व्यायाम होते आणि जोडीला ट्रेडमिल किंवा स्थिर सायकलवरचे एरोबिक सत्र होते. 20 ते 40 मिनिटांच्या या सत्रात जोर मुलाच्या आधी मोजलेल्या कमाल क्षमतेच्या 70 ते 85 टक्क्यांवर ठेवलेला असे. घरी नेहमीचे फिजिओथेरपीचे व्यायाम करणाऱ्या मुलांशी तुलना केली असता, या मुलांचे स्नायुबळ आणि चरबीविरहित वजन अधिक वाढले, ऑक्सिजन वापरण्याची क्षमताही सुधारली; आणि पुढच्या अभ्यासांत फुप्फुसांच्या कार्यात सुधारणा दिसली, तसेच आकसलेले सांधे मोकळे करण्यासाठी कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियाही कमी झाल्याचे आढळले. मुख्य म्हणजे, 2010 साली याच गटाने दाखवले की व्यायामामुळे विश्रांतीतला ऊर्जाखर्च वाढत नाही. ज्या भीतीपायी रुग्णांना पलंगावर ठेवले जात होते, तिला मोजमापात आधार मिळाला नाही. दरम्यान, अतिचयापचयावर बीटा ब्लॉकर वर्गातील प्रोप्रॅनोलॉल हे औषध देऊन स्नायूंची मोडतोड कमी करता येते, हेही हर्नडन यांनी 2001 सालीच दाखवले होते, आणि पुढे औषध व व्यायाम यांची सांगड घालून पाहण्यात आली.

प्रौढांच्या बाबतीत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बार्बरा डी लेटूर यांच्या गटाने 2007 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास विशेष उपयोगी आहे, कारण त्यात मात्रा कशी वाढवावी हा प्रश्न होता. ट्रेडमिलवर आठवड्यातून तीनदा, दर वेळी 30 मिनिटे, असे 12 आठवडे चालणाऱ्या रुग्णांचे दोन गट केले गेले : एका गटाने त्या दिवशी सोसेल तेवढे चालायचे, तर दुसऱ्या गटाने आधीच ठरवून दिलेला, दर सत्रागणिक किंचित वाढत जाणारा कोटा पूर्ण करायचा. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत या दोन्ही गटांची क्षमता लक्षणीय वाढली. तरीही घरी व्यायाम करणाऱ्या रुग्णासाठी ठरलेल्या कोट्याची पद्धत अधिक योग्य वाटते. भाजलेल्या रुग्णाला वेदना, खाज आणि थकवा रोज वेगवेगळ्या प्रमाणात होतात, आणि केवळ ‘आज वाटेल तेवढे’ या हिशेबाने चालणारा माणूस वाईट दिवशी थांबतो, चांगल्या दिवशी अति करतो आणि दुसऱ्या दिवशी अंथरुण धरतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे दुखापतीला दोन वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या रुग्णांनाही 12 आठवड्यांच्या कार्यक्रमाने फायदा झाला. म्हणजे उशीर झाला म्हणून वाट बंद होत नाही.

या सगळ्यात भारतातल्या रुग्णासाठी सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित विषय घामाचा आहे. खोल भाजलेल्या जागी त्वचारोपण करताना मांडीवरून किंवा इतर निरोगी भागावरून त्वचेचा पातळ थर काढतात. त्याची जाडी साधारण 0.2 ते 0.3 मिलिमीटर असते. घामाच्या ग्रंथी त्याहून खोल असल्यामुळे त्या मूळ जागीच राहतात, आणि जिथे त्वचा लावायची तिथल्या ग्रंथी आगीने नष्ट झालेल्या असतात. परिणामी रोपण केलेली त्वचा जखम उत्तम झाकते, जंतूंना अडवते, पण घाम गाळू शकत नाही, आणि अंग तापल्यावर त्वचेखालच्या रक्तवाहिन्या जशा रुंदावतात तशा इथे पुरेशा रुंदावतही नाहीत. डॅलस येथील क्रेग क्रँडल यांच्या प्रयोगशाळेने अशा त्वचेचा अभ्यास केला, तेव्हा रोपणाला अनेक वर्षे लोटल्यावरही ही उणीव कायम असल्याचे आढळले. एक लिटर घामाचे बाष्पीभवन झाले तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता अंगावेगळी होते, आणि व्यायामात स्नायू जाळत असलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्याच रूपात बाहेर पडावा लागतो. अंगाचा 40 टक्के भाग या कामातून बाद झाला, की उरलेल्या त्वचेने कितीही घाम गाळला तरी शरीराचे आतले तापमान नेहमीपेक्षा लवकर चढते.

त्यामुळे एकच व्यायाम दोन ठिकाणी दोन वेगळ्या मात्रांचा ठरतो. विदर्भातल्या मे महिन्यात हवा त्वचेपेक्षाही गरम असते आणि घाम सुटला तरच अंग थंड राहते. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर हवा इतकी दमट असते की सुटलेला घामही वाळत नाही, नुसता निथळतो आणि बाष्पीभवनाचा लाभ मिळत नाही. शिवाय व्रण जाड होऊ नयेत म्हणून दिवसाचे सुमारे 23 तास घालायला सांगितले जाणारे घट्ट प्रेशर गारमेंट अंगावर असतेच. अशा वेळी व्यायाम पहाटे किंवा पंख्यासमोर करणे, उघड्या व रोपण केलेल्या त्वचेवर पाण्याचा फवारा मारणे, म्हणजे जो घाम शरीर गाळू शकत नाही तो बाहेरून पुरवणे, आणि 40 मिनिटांचे एकच सत्र करण्याऐवजी दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून मधे अंग निवू देणे, हे उपाय फारसे खर्चाचे नाहीत. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे किंवा निरोगी त्वचेवर अचानक काटा येणे ही थांबण्याची चिन्हे समजावीत. दिलासा देणारी गोष्ट अशी, की क्रँडल यांच्याच गटाने विस्तृत त्वचारोपण झालेल्या व्यक्तींना सलग काही दिवस नियंत्रित उष्ण वातावरणात व्यायाम करायला लावला, तेव्हा त्यांची उष्णता सोसण्याची आणि बाहेर टाकण्याची क्षमता सुधारली. म्हणजे उन्हाळ्याला घाबरून व्यायाम कायमचा सोडण्याचे कारण नाही. सवय मात्र हळूहळू आणि देखरेखीत लागली पाहिजे.

व्यायामाचा जोर ठरवण्याचा नेहमीचा मार्ग नाडीचा, पण इथेही भाजलेल्या रुग्णाचे गणित वेगळे आहे. 30 वर्षांच्या माणसाची कमाल नाडी ढोबळमानाने 190 धरली आणि तिचे 70 टक्के घेतले, तर 133 येतात; परंतु ज्याची नाडी बसल्या जागीच 100 आहे, त्याच्यासाठी हा आकडा जेमतेम पहिल्या पायरीचा आहे. म्हणून विश्रांतीतली नाडी कमाल नाडीतून वजा करून उरलेल्या 90 ठोक्यांचा वाटा मोजावा. सुरुवातीला त्यातले 40 ते 60 टक्के घेतले, तर लक्ष्य 136 ते 154 असे येते. रुग्ण प्रोप्रॅनोलॉल घेत असेल तर नाडी औषधाने दाबलेली असते आणि हा हिशेबही लागू पडत नाही. अशा वेळी स्वीडिश शास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची 6 ते 20 गुणांची श्रमजाणिवेची मोजपट्टी वापरतात. तिच्यावर 12 ते 14 म्हणजे ‘काहीसे कष्टाचे’. घरगुती कसोटी याहून सोपी आहे : चालता चालता वाक्य पूर्ण बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

व्यायाम कधी करू नये, हेही तितकेच स्पष्ट आहे. ताप, जंतुसंसर्गाची लक्षणे, छातीत दुखणे, किंवा नुकतेच झालेले त्वचारोपण धरल्याची शल्यचिकित्सकाने खात्री केलेली नसणे, या स्थितीत थांबावे. पायांवर रोपण झाले असेल तर उभे राहण्याआधी इलॅस्टिक बँडेज घट्ट बांधावे, नाहीतर खाली साचणाऱ्या रक्ताने नाजूक त्वचा निळी पडते, फोड येतात आणि रुग्णाचा धीर सुटतो. विजेच्या धक्क्याने भाजलेल्यांच्या हृदयाची आधी तपासणी हवी. धुराने फुप्फुसे दुखावलेल्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा 90च्या खाली जात नाही हे पाहावे. बाहेर चालायचे असेल तर नव्या त्वचेचे उन्हापासून रक्षण करावे, कारण ती लवकर काळवंडते. आणि पुरेशा प्रथिनांशिवाय व्यायामाची मात्रा वाढवू नये. डाळ, अंडी, दूध, मासे यांतले जे परवडेल आणि रुचेल ते रोजच्या जेवणात वाढवल्याखेरीज नवा स्नायू बनणार कशाचा?

एक अडचण शरीरशास्त्राच्या पलीकडची आहे. चेहऱ्यावर किंवा हातांवर व्रण असलेली बाई सकाळी मैदानावर फेऱ्या मारायला जाईल हे गृहीत धरणे म्हणजे लोकांच्या रोखून पाहणाऱ्या नजरांचा विसर पडणे होय. स्वयंपाकघरात भाजलेल्या अनेक स्त्रिया घरी परतल्यावर महिनोन्महिने उंबरठा ओलांडत नाहीत. त्यांच्यासाठी घरातल्या घरात जागेवर पावले टाकणे, एका पायरीवर चढ-उतार करणे, गच्चीवर किंवा व्हरांड्यात चालणे हे ट्रेडमिलइतकेच खरे व्यायाम आहेत, आणि फिजिओथेरपिस्टने ते मिनिटांसह लिहून दिले तर घरची माणसेही त्यासाठी वेळ मोकळा करून देतात. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे, पुढच्या आठवड्यात सात-सात, अशी सुरुवात अगदी नगण्य वाटली तरी बहुतेकांना झेपणारी असते.

या विषयावरचे बहुतेक प्रयोग लहान आहेत, त्यांतले अनेक मोजक्याच केंद्रांतून आलेले आहेत, आणि बऱ्याच कार्यक्रमांत एरोबिक व स्नायुबळाचे व्यायाम एकत्र दिलेले असल्यामुळे कोणत्याचा वाटा किती हे वेगळे काढणे कठीण आहे. तरीही निष्कर्षांची दिशा सातत्याने एकच राहिली आहे. त्यातच पश्चिम ऑस्ट्रेलियातील आरोग्यनोंदींच्या अभ्यासात असे आढळले, की भाजून बरे झालेल्या लोकांना पुढील आयुष्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांसाठी रुग्णालयात दाखल होण्याची वेळ इतरांपेक्षा अधिक येते. व्यायाम सोडला की मिळवलेली क्षमता काही आठवड्यांत ओसरू लागते, त्यामुळे 12 आठवड्यांचा कार्यक्रम ही फक्त सुरुवात ठरते आणि पाठपुरावा वर्षानुवर्षे लागतो. त्याचे मोजमाप कुठल्याही तालुक्याच्या रुग्णालयात होऊ शकते : 30 मीटरचा मोकळा व्हरांडा, दोन टोकांना खुणा, हातात घड्याळ, आणि सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालला याची नोंद. व्रणांच्या तपासणीला येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर, वजन आणि रक्तदाबाच्या शेजारी, हा मीटरचा आकडा लिहायला जेमतेम दहा मिनिटे लागतात.